अंकागणिक रोबो बांधताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मालिकेतून रोबो बांधणाऱ्यांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न वर्गणी घेण्याआधीचे आहेत. मधले प्रत्यक्ष जोडणीचे, तर शेवटचे नेहमी न उद्भवणाऱ्या पण उद्भवल्यावर डोके खाणाऱ्या अडचणींचे. उत्तर दुसरीकडे सविस्तर दिले असेल तर तिथला प्रश्न क्रमांक दिला आहे.

१. पार्टवर्क मालिका म्हणजे नेमके काय? मासिकाबरोबर खेळणे फुकट मिळते तसेच का?

नाही. इथे मासिक आणि सुटे भाग मिळून एकच वस्तू असते. प्रत्येक अंकासोबत रोबोचे दोन-चार भाग येतात आणि अंकात ते जोडायच्या पायऱ्या असतात. अंकांची संख्या आधीच ठरलेली असते आणि शेवटच्या अंकाला रोबो पूर्ण होतो. जपानमध्ये २०१३ साली द अगोस्तिनी या प्रकाशनाने काढलेला ‘रोबी’ हे याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण. तोमोताका ताकाहाशी यांनी घडवलेला, सुमारे ३४ सेंटिमीटर उंचीचा आणि २० सर्वो मोटरींचा (सर्वो म्हणजे सांगितलेल्या कोनात फिरून थांबणारी छोटी मोटर) हा रोबो ७० साप्ताहिक अंकांतून पूर्ण होत असे. त्याच्याही आधी, २००१ साली, ईगलमॉस प्रकाशनाच्या मालिकेतून ‘सायबॉट’ हा चाकांवर चालणारा छोटा रोबो आला होता. ब्रिटनमधल्या रेडिंग विद्यापीठातले केव्हिन वॉरविक यांचा गट त्याच्या आखणीत होता.

२. एकूण किती पैसे जातील हे आधी कसे कळणार? पहिला अंक तर खूपच स्वस्त दिसतो.

पहिल्या अंकाची किंमत मुद्दाम कमी ठेवलेली असते, तिच्यावरून काहीच ठरवू नका. हिशेब असा मांडा: पूर्ण किमतीचे अंक गुणिले एका अंकाची किंमत, त्यात टपालखर्च, शिवाय ‘विशेष भेट’ म्हणून दर अंकामागे घेतली जाणारी जादा रक्कम. ही जादा रक्कम ऐच्छिक असते, पण वर्गणीच्या अर्जात बऱ्याचदा तिच्या चौकटीत आधीच खूण केलेली असते, ती बघून घ्या. अंक जपून ठेवायच्या बाइंडरचे पैसेही वेगळे लागू शकतात.

अर्जाच्या बारीक अक्षरांत अंकांची संख्या वाढवायचा अधिकार प्रकाशकाने राखून ठेवला आहे का, तेही वाचा. असेल तर हिशेबात थोडे जादा पैसे धरा. तयार रोबोपेक्षा ही बेरीज बहुतेक वेळा जास्त भरते. तुम्हाला फक्त चालता-बोलता रोबो हवा असेल तर तयार घ्या. बांधायची हौस असेल तरच मालिकेचे पैसे वसूल होतात.

३. वर्गणी भरावी की अंक सुटे विकत घ्यावेत?

रोबोसाठी वर्गणीच. रेल्वे किंवा नाण्यांच्या मालिकेत एखादा अंक चुकला तर संग्रहात फट राहते, एवढेच. रोबोत गुडघ्याचा एक कंस (भाग जागेवर धरणारा जोडतुकडा) चुकला तर पुढची सगळी जोडणी थांबते. सुट्या विक्रीचे अंक पहिल्या काही आठवड्यांनंतर दुकानांत कमी कमी येऊ लागतात.

वर्गणीदाराला साधारणपणे महिन्याला चार अंकांचा एक खोका येतो. म्हणजे ७० अंकांची मालिका अठरा खोक्यांत, सुमारे दीड वर्षात संपते. या काळात पत्ता बदलणार असेल तर खोका निघण्याआधी कळवा. परत गेलेला खोका पुन्हा मिळवण्यात महिना सहज जातो.

४. मला सोल्डरिंग येत नाही, इलेक्ट्रॉनिक्सही शिकलेलो नाही. जमेल का?

जमेल. अशा मालिकांमधले बोर्ड बहुतेक तयार येतात आणि सगळ्या जोडण्या कनेक्टरने होतात. कौशल्य लागते ते स्क्रू नीट बसवण्याचे (प्र. ९) आणि वायरी न चेंगरता आवरण बंद करण्याचे (प्र. १५).

५. कोणती हत्यारे आधीच घेऊन ठेवू?

पहिल्या अंकांत एक छोटा स्क्रूड्रायव्हर येतो. त्यावर दीडशे-दोनशे स्क्रू फिरवायचे नाहीत. त्याचे टोक मऊ असते. ते झिजले की स्क्रूची डोकी खाऊ लागते. चांगल्या पोलादाचे पीएच ०० आणि पीएच ० हे दोन फुलीचे स्क्रूड्रायव्हर घ्या. मोठ्या सांध्यांसाठी पीएच १ लागतो. स्क्रू जपानी घाटाचे असतील तर जेआयएस टोकाचा स्क्रूड्रायव्हर त्यांत जास्त घट्ट बसतो.

याशिवाय टोकदार प्लास्टिकचा चिमटा, भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडून येतात तिच्यातून ते कापायला सपाट पात्याची छोटी कातर, बारीक कानस किंवा ४०० नंबरचा पॉलिश पेपर, कागदी चिकटपट्टी आणि साधा डिजिटल मल्टिमीटर. मल्टिमीटर चैनीचा वाटेल, पण प्र. १६ आणि १७ मधले निम्मे घोळ तो पाच मिनिटांत सोडवतो.

६. दर अंकाला लगेच जोडत जाऊ की सगळे अंक जमले की एकदम बसू?

लगेच जोडा. निदान लगेच तपासा तरी. संपूर्ण मालिकेत यापेक्षा महत्त्वाचा नियम नाही. बारावा अंक आला तेव्हा त्यातली मोटर बिघडलेली होती, हे तुम्हाला सत्तराव्या अंकाला कळले, तर बदली मागायची मुदत कधीच उलटून गेलेली असते आणि ती मोटर तोवर मांडीच्या आत, चौदा स्क्रूंखाली गेलेली असते. खराब किंवा कमी आलेल्या भागांची तक्रार किती दिवसांत करायची ते वर्गणीच्या अटींत दिलेले असते. ती मुदत खोका हातात पडल्यापासून मोजतात, तुम्ही तो उघडल्यापासून नाही.

खोका आला की आधी चित्रातली यादी आणि समोरचे भाग एकेक करून जुळवा. तडा, वाकलेली पिन, सुटलेली वायर बघा. मोटर असेल तर प्र. १२ प्रमाणे फिरवून पाहा. दिवा, स्पीकर, संवेदक असे काही आले आणि चाचणी बोर्ड तोवर मिळालेला असेल, तर अंकात सांगितलेली चाचणी त्याच दिवशी करा.

एक अपवाद आहे. काही आवरणे एकदा खटकन बसली की न मोडता निघत नाहीत. अशा पायरीआधी पुढचे दोन अंक येईपर्यंत थांबणे शहाणपणाचे, कारण आधीच्या अंकातल्या चुकीची दुरुस्ती पुढच्या अंकात छापलेली सापडते.

७. काही भाग आले, पण त्यांचा वापर पाच-सहा अंकांनंतर आहे. तोवर कसे ठेवायचे?

प्रत्येक अंकाचे उरलेले भाग वेगळ्या झिपच्या पिशवीत घालून तिच्यावर अंक क्रमांक लिहा. प्लास्टिक उन्हात ठेवू नका, पांढरे एबीएस (अशा भागांचे कठीण प्लास्टिक) पिवळे पडते. बोर्ड ज्या चंदेरी किंवा गुलाबी पिशवीत येतो ती स्थिर विजेपासून बचाव करणारी असते. बोर्ड बसवायच्या दिवसापर्यंत तिच्यातच राहू द्या.

फारसे कुणी सांगत नाही अशी एक गोष्ट: पीव्हीसीचे आवरण असलेल्या वायरी पॉलिस्टायरिनच्या भागांना टेकवून महिनोन्महिने ठेवू नका. पीव्हीसी मऊ ठेवणारे द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि पॉलिस्टायरिनवर वायरीच्या आकाराचा चिकट खड्डा पडतो. वायरी वेगळ्या पिशवीत ठेवल्या की प्रश्न मिटला.

८. सगळे स्क्रू सारखेच दिसतात. कोणता कुठे, कसे ओळखू?

‘२×६’ म्हणजे व्यास २ मिलिमीटर, लांबी ६ मिलिमीटर. लांबी डोक्याच्या खालून मोजतात. मात्र पृष्ठभागात बुडणाऱ्या चपट्या डोक्याच्या स्क्रूची लांबी डोक्यासकट मोजतात, आणि गोंधळ होतो तो इथेच.

दुसरा फरक आट्यांचा. प्लास्टिकमध्ये जाणाऱ्या स्क्रूचे आटे विरळ आणि उंच असतात, तो भोकात स्वतःच आटे पाडत जातो. धातूत किंवा नटात जाणाऱ्याचे आटे दाट आणि बारीक असतात. हे दोन एकमेकांच्या जागी बसवले तर त्या क्षणी बसल्यासारखे वाटतात आणि नंतर सुटतात.

लांबी चुकली तर लगेच दिसते. ६ च्या जागी ८ चा स्क्रू गेला की आवरणाच्या बाहेरच्या बाजूला तांदळाच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका उमटतो. आतून टोक प्लास्टिकला ढकलत असते. ठिपका दिसताच स्क्रू मागे घ्या, पुढच्या अर्ध्या वळशात तडा जातो. तो ठिपका मात्र कायमचा राहतो.

जादा आलेले स्क्रू टाकू नका. आकारानुसार डबीत साठवा, प्र. १० मध्ये ते कामी येतील.

९. स्क्रू किती घट्ट करायचा?

डोके पृष्ठभागाला टेकेपर्यंत आणि त्यानंतर फार तर एक अष्टमांश वळसा. हातात जोर जाणवू लागला की थांबा. स्क्रूड्रायव्हर मुठीत धरू नका. त्याच्या मागच्या टोकावर तर्जनी टेकवून अंगठा आणि मधल्या बोटाने फिरवा, जोर आपोआप मर्यादेत राहतो.

प्लास्टिकमध्ये पहिल्यांदा स्क्रू जड जातो, ते साहजिक आहे. दोन वळसे आत, अर्धा वळसा मागे, असे करत न्या. एकदा पाडलेल्या भोकात तोच स्क्रू परत घालताना आधी उलटा फिरवा. हलकासा ‘टक्’ जाणवला की तो जुन्या आट्यात उतरलेला असतो, मग सुलटा फिरवा. हे न करता थेट दाबून फिरवले तर जुन्या आट्यांना छेदून नवे आटे पडतात आणि दोन-तीन वेळा खोलल्यावर भोक निकामी होते. एका भागाला चार स्क्रू असतील तर चारही सैल बसवून मग समोरासमोरचे आवळा.

सांध्याच्या दोन बाजूंना धरणारे स्क्रू जास्त आवळले तर सांधा जाम होतो. त्याचे पुढचे परिणाम प्र. १४ मध्ये आहेत.

१०. स्क्रू नुसताच गरगर फिरतोय, पकड घेत नाही. आता?

आटे गेले आहेत. आधी त्याच व्यासाचा पण थोडा लांब स्क्रू चालतो का बघा. भोक खोल असेल तरच. भोक पलीकडे निघत असेल किंवा मागे बोर्ड असेल तर लांब स्क्रू नको.

नाही चालला तर भाग ज्या चौकटीतून कापले त्या चौकटीचेच प्लास्टिक वापरा. तिची कागदाएवढी पातळ चकती तासा, भोकाच्या भिंतीला उभी लावा, एबीएसला चालणाऱ्या प्लास्टिक सिमेंटचा एक थेंब द्या आणि रात्रभर सुकू द्या. दुसऱ्या दिवशी स्क्रू सावकाश घाला, नवे आटे पडतात. झटपट चिकटणारा सुपरग्लू वापरायचाच तर टूथपिकच्या टोकाने भिंतीला पातळ थर द्या आणि पूर्ण वाळल्यावर, म्हणजे एक दिवसाने, स्क्रू घाला. ओल्यातच घातला तर तो कायमचा तिथला झाला. पारदर्शक डोळे किंवा काचेजवळ सुपरग्लू अजिबात नको, त्याच्या वाफेने पांढरा धूसर थर बसतो.

स्क्रूचे डोके घासले गेले असेल तर जाड रबरबँडचा तुकडा डोक्यावर ठेवून त्यावरून स्क्रूड्रायव्हर दाबत सावकाश फिरवा. बहुतेक निघतात. निघाला की तो स्क्रू फेकून द्या.

११. स्क्रू सुटू नयेत म्हणून थ्रेडलॉक लावू का? आणि सांध्यांना तेल?

थ्रेडलॉक फक्त धातूत धातू असेल तिथेच लावा, तेही निळे, एक टाचणीभर. प्लास्टिकवर ते लागले तर एबीएस आणि पॉलिकार्बोनेट आतून तडकते. आज नाही तर आठवड्याने स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा दिसतात. खनिज तेलानेही प्लास्टिकवर ताण असलेल्या जागी तडे जाऊ शकतात. घरगुती मशिनचे तेल किंवा गंज काढायचा फवारा रोबोजवळ नको. सांधा कोरडा घासत असेल तर प्लास्टिकला चालणारे सिलिकोन ग्रीस अगदी नावापुरते पुरते. सर्वोच्या आतल्या गिअरना ग्रीस कारखान्यातच लावलेले असते.

१२. सर्वो मोटर आली की कशी तपासायची? आणि हा ‘आयडी’ काय प्रकार आहे?

सर्वो दोन प्रकारचे येतात. साध्या सर्वोला तीन वायरी असतात: वीज, जमीन (ग्राउंड) आणि संदेश. साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद जातो आणि त्याची लांबी १ ते २ मिलिसेकंदांच्या दरम्यान बदलते, तसा दांड्याचा कोन बदलतो. १.५ म्हणजे मध्य. दुसरा प्रकार आयडी असलेल्या सर्वोंचा. हे सगळे एकाच तारेवर माळेसारखे जोडलेले असतात आणि प्रत्येकाला क्रमांक दिलेला असतो. बोर्ड ‘क्रमांक ७, तीस अंश’ अशी आज्ञा देतो आणि सातवाच हलतो.

आयडीचे सर्वो कारखान्यातून बहुधा एकाच क्रमांकाने येतात. म्हणून मालिकेत लवकरच चाचणी बोर्ड दिलेला असतो आणि प्रत्येक नव्या सर्वोला त्यावर क्रमांक द्यायचा असतो. इथे तीन पथ्ये आहेत.

एका वेळी एकच सर्वो बोर्डाला जोडा. दोन जोडले तर दोघांना तोच क्रमांक जातो. क्रमांक दिला की बोर्ड बंद करून, पुन्हा चालू करून तो टिकला का ते पाहा. आणि लगेच सर्वोच्या अंगावर कागदी चिकटपट्टीवर क्रमांक लिहा, अंकाच्या समासातही लिहा. डावा खांदा आणि उजवा खांदा यांचे सर्वो दिसायला एकच असतात. क्रमांकांची अदलाबदल झाली तर रोबो पूर्ण झाल्यावर नमस्कार करताना एक हात पाठीमागे जातो.

तपासताना सर्वो चाचणी बोर्डावरून (हाताने नाही) दोन्ही टोकांपर्यंत तीन-चार वेळा फिरवा. हालचाल सलग हवी. एका ठरावीक जागी अडखळत असेल तर गिअरचा दात गेलेला असतो. मध्यभागी थरथरत राहत असेल तर आतला स्थिती सांगणारा भाग खराब असू शकतो. दोन्ही बाबतीत बदली मागा. आपण उघडून बघू नका, झाकणाचे स्टिकर फाटले की बदली नाकारली जाऊ शकते.

१३. हात सरळ बसवला तरी चालू केल्यावर तिरका उभा राहतो. चूक कुठे झाली?

सर्वोच्या दांड्यावर बसणारी चकती, म्हणजे हॉर्न, चुकीच्या दातावर बसली आहे. दांड्याला २५ दात असतील तर एका दाताची चूक ३६० भागिले २५, म्हणजे १४.४ अंशांची होते. हात तिरका दिसायला तेवढे भरपूर झाले.

सर्वो चाचणी बोर्डाला जोडून मध्यावर आणा, वीज बंद करा, दांडा न हलवता हॉर्न हवा त्या कोनात दाबून बसवा आणि मधला स्क्रू लावा. हा मधला स्क्रू राहिला तर हॉर्न काही दिवसांत दांड्यावर घसरू लागतो आणि दात चपटे होतात. हॉर्न अगदी अचूक कोनात बसेल असे नाही. जवळच्या दातावर बसवल्यावरही जास्तीत जास्त अर्ध्या दाताची, म्हणजे सुमारे ७ अंशांची, चूक उरू शकते. ती हाताने काढू नका, शेवटी रोबोच्या सेटिंगमधल्या समायोजनाने काढायची असते (प्र. १८).

वीज चालू असताना दांडा हाताने फिरवू नका. बंद असतानाही झटका नको. लहान सर्वोचे प्लास्टिक गिअर असेच मोडतात.

१४. सर्वो सारखा गुरगुरतो आणि गरम होतो. धोका आहे का?

उभे राहताना हलका आवाज येतो तो वजन पेलण्याचा, त्यात काही बिघडलेले नाही. मोठा, सलग आवाज आला तर मात्र तो सर्वो पोचायच्या जागी पोचू शकत नाहीये. कारणे साधारण या क्रमाने तपासा: सांध्याचे स्क्रू फार आवळले आहेत, वायर सांध्यात अडकली आहे, हॉर्न एक दात सरकला आहे आणि भाग आवरणाला टेकतो आहे. सांध्याचे दोन स्क्रू पाव वळसा सैल केले आणि आवाज गेला तर पहिलेच कारण होते.

अडकलेला सर्वो मोकळ्या सर्वोच्या कितीतरी पट करंट ओढतो. अंगावर बोट दोन-तीन सेकंद ठेववत नसेल तर ताबडतोब बंद करा. तसाच चालू ठेवला तर आतली मोटर किंवा तिचा चालक चिप जळतो.

१५. आवरण बंद करताना वायरी मधे येतात. त्या कशा बसवायच्या?

कनेक्टर ओढताना वायर धरू नका, प्लास्टिकचा ठोकळा चिमट्याने दोन्ही बाजूंनी धरा. सांध्यातून जाणाऱ्या वायरीला थोडी ढील हवी. सांधा चाचणी बोर्डावर दोन्ही टोकांना नेऊन पाहा, कुठेही वायर ताणली जाता कामा नये. उरलेली ढील सांध्यात न सोडता धडाच्या मोकळ्या जागेत वळवा आणि चिकटपट्टीने धरून ठेवा.

चपटी रिबन केबल असेल तर तिच्या कनेक्टरची बारीक पट्टी आधी वर उचला, केबल सरळ आत सरकवा, मग पट्टी खाली दाबा. पट्टी न उचलता ढकलली तर केबलचे टोक दुमडते.

आवरणाच्या दोन अर्ध्या भागांत फट राहिली तर स्क्रूने ओढून बंद करू नका. आत नक्की काहीतरी अडकले आहे.

१६. सगळे जोडले, पण एक हात किंवा पाय हलतच नाही.

आयडीच्या माळेत नेमका कोण बंद आहे ते पाहा. खांदा चालतो, पण कोपर आणि मनगट दोन्ही बंद: म्हणजे खांदा ते कोपर ही वायर किंवा तिचा कनेक्टर. एकटे कोपर बंद, पुढचे मनगट चालते: म्हणजे वायर ठीक, सर्वो खराब किंवा त्याचा क्रमांक चुकला. दोन सांधे एकदम सारखेच हलतात किंवा वेडेवाकडे हलतात: दोघांचा क्रमांक एकच आहे (प्र. १२).

साध्या सर्वोंच्या रोबोत बोर्डावरचे दोन कनेक्टर आपसांत बदलून पाहा. आधी वीज बंद करा, आणि ज्याच्याशी बदलता तो सांधा साधारण तेवढाच फिरणारा निवडा. दोष सर्वोबरोबर सरकला तर सर्वो किंवा वायर, बोर्डाच्या जागेवरच राहिला तर बोर्ड. वायर तुटली का हे मल्टिमीटरच्या सलगता चाचणीने बघा, आणि बघताना वायर हळू वाकवा. आवरणाच्या आत तुटलेली वायर सरळ असताना ‘बीप’ देते आणि वाकवली की गप्प होते.

१७. चालू होतो, दोन पावले टाकतो आणि बंद पडतो. बोर्ड गेला का?

बहुतेक नाही. अनेक सर्वो एकदम हलले की बॅटरीचा व्होल्टेज क्षणभर खाली येतो आणि बोर्ड पुन्हा सुरू होतो. आधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. दोन सेलच्या ७.४ व्होल्ट लिथियम बॅटरीत पूर्ण भरल्यावर ८.४ व्होल्ट दिसायला हवेत. ६ च्या खाली गेलेली असेल तर ती वापरू नका. भरल्यावर ८.४ दाखवते, पण चालताना लगेच कोसळते, तर बॅटरी थकली आहे. बॅटरी चांगली असूनही बंद पडत असेल तर अडकलेला सर्वो शोधा (प्र. १४).

वेगवेगळ्या रसायनांचे आकडे वेगळे असतात. लिथियम आयर्न फॉस्फेटचा सेल सुमारे ३.६ व्होल्टला भरतो, साधा लिथियम आयन ४.२ ला. म्हणून दुसऱ्या रोबोचा चार्जर, पिन बसली तरी, लावू नका. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. ई-कचरा गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या.

रोबो महिनोन्महिने बंद ठेवायचा असेल तर लिथियम बॅटरी साधारण अर्धी भरलेली, म्हणजे दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास, रोबोतून काढून ठेवा आणि तीन महिन्यांनी एकदा मोजा. मालिकेत बॅटरी आधीच आली असेल आणि रोबो पूर्ण व्हायला वेळ असेल तर तिलाही हेच लागू.

१८. चालताना नेहमी एकाच बाजूला पडतो.

समायोजन राहिले आहे. रोबोला टेबलावर ‘उभे राहा’ स्थितीत ठेवून समोरून आणि बाजूने बघा. दोन्ही तळवे टेबलावर सपाट टेकायला हवेत. तळव्याखाली जाड कागदाचा तुकडा सरकवला आणि एका कडेने आत गेला, तर त्या घोट्याचा कोन एकेक अंशाने बदला. घोट्यापासून सुरुवात करून गुडघा, मग कंबर, असे वर जा. वरून खाली आलात तर प्रत्येक बदल पुन्हा करावा लागतो.

सपाट, कठीण जमिनीवर चालवा. गालिच्यावर पडणारा रोबो बिघडलेला नसतो. बॅटरी कमी असतानाही तोल जातो, समायोजन नेहमी भरलेल्या बॅटरीवर करा.

१९. बोललेले त्याला कळत नाही.

या रोबोंना ठरावीक वाक्येच कळतात. यादी अंकात असते आणि शब्दांचा क्रम तोच लागतो. रोबोचा आवाज थांबल्यावर, ऐकतो आहे अशी खूण देणारा दिवा लागल्यावर, एक-दोन हात अंतरावरून नेहमीच्या आवाजात बोला. ओरडून बोलले तर शब्द फाटतो. तरीही कळत नसेल तर मायक्रोफोनच्या भोकावर संरक्षक पातळ कागद राहिला आहे का ते पाहा.

२०. रंगवला तर चालेल का?

चालेल, पण जोडण्याआधी, सुट्या भागांवर. स्क्रूची भोके, सांध्यांच्या घासणाऱ्या कडा आणि खटक्याने बसणाऱ्या जागा चिकटपट्टीने झाका. रंगाच्या थरानेही सांधा जाम होतो. संवेदकांच्या काचा आणि मायक्रोफोनची भोके मोकळी ठेवा. वायरलेस असेल तर अँटेनाजवळ धातूचे कण असलेला रंग नको. आणि रंगवण्याआधी त्या भागाची तपासणी झालेली हवी. रंगवलेला भाग बदलून मिळत नाही.

२१. मालिका मधेच बंद पडली तर?

असे होते. प्रकाशक नवी मालिका आधी मर्यादित भागात काढून प्रतिसाद बघतात आणि काही मालिका तिथेच थांबवतात. नव्या मालिकेची वर्गणी घेण्याआधी ती दुसऱ्या देशात पूर्ण झाली आहे का ते पाहा, झाली असेल तर धोका बराच कमी. प्रकाशकच बुडाल्याचीही उदाहरणे आहेत. २०२२ मध्ये ईगलमॉसचा कारभार दिवाळखोरीत गेला आणि अनेकांचे संग्रह अर्धवट राहिले.

म्हणून संपूर्ण मालिकेचे पैसे एकरकमी भरण्याऐवजी महिन्याचे महिन्याला भरा. ॲप किंवा सॉफ्टवेअर मिळत असेल तर उतरवून आपल्याकडे ठेवा. मेमरी कार्ड आले की, रोबो बंद असताना, त्याची पूर्ण प्रत काढा. कार्ड खराब होणे ही नंतरच्या वर्षांतली नेहमीची तक्रार आहे.

२२. दुसऱ्याने अर्धवट सोडलेला संच घ्यावा का?

अंक क्रमांकांची यादी नाही, भागांचे फोटो मागा. सीलबंद पिशव्या असतील तर उत्तम. जोडलेल्या भागांत प्रत्येक सर्वोवर क्रमांक लिहिलेला आहे का विचारा. नसेल तर सगळे उघडून एकेक चाचणी करावी लागेल, हे धरून किंमत ठरवा. मुख्य बोर्ड, मेमरी कार्ड, चाचणी बोर्ड आणि चार्जर यांतले एक जरी नसेल तर शक्यतो सोडून द्या. बाकीचे प्लास्टिक सुटे मिळू शकते, हे चार सहसा मिळत नाहीत. जुन्या संचातली बॅटरी शून्य धरा.

२३. राहिलेले अंक दुसऱ्या देशातल्या आवृत्तीतून घेतले तर बसतील का?

आवरणे आणि कंस बहुतेक बसतात. पण तोच भाग तिथे वेगळ्या क्रमांकाच्या अंकात असू शकतो, म्हणून अंक क्रमांक न बघता अंकातल्या भागांची यादी जुळवून मागवा. आवाज ओळखणारा बोर्ड आणि मेमरी कार्ड त्या देशाच्या भाषेचे असते. दोन्ही एकाच आवृत्तीचे लागतात. एक इथला आणि एक तिथला असे मिसळले तर रोबो सुरू होतो, पण बोलण्याला प्रतिसाद देत नाही किंवा भलताच देतो. चार्जरवर ‘१००–२४० व्होल्ट’ छापलेले असेल तर फक्त पिनचा अडॅप्टर पुरतो. एकच आकडा छापलेला असेल आणि तो तुमच्या विजेशी जुळत नसेल तर तो चार्जर लावू नका.